हुसेनचाचांचा उजवा पाय

८ एप्रिल २०२५, मंगळवार. अमरावती

यंत्र चाललं. आधी ते लिहून ठेवते, शिव्या नंतर देईन.

चार वर्षं ज्या पेटीपायी मी सख्ख्या भावाचं लग्न अर्धं सोडून प्रयोगशाळेत पळाले, तिनं आज कॉलेजच्या सहा पोरांचे तळपाय एकामागून एक दाखवले. केसाहून बारीक रक्तवाहिन्या, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या पडद्यावर उतरल्या. पोरं आपापला पाय पाहून "बाप्पा!" करत होती. मी बाहेर जाऊन रडून आले, कोणाला कळलं नाही.

आईला पहिल्यांदाच समजावून सांगितलं. कातडीवर हिरव्या उजेडाचा क्षणभराचा झटका मारायचा. रक्त तो उजेड पितं, इवलंसं तापतं, फुगतं, आणि फुगताना आवाज करतं. आपल्या कानाला तो येत नाही, पेटीला येतो. आवाज आला तिथं रक्त आहे. नाही आला तिथं रक्त पोचत नाही. आई म्हणाली, "म्हणजे रक्ताले हाक मारायची अन् ते ओ देते का पाह्याचं." माझ्या नव्वद पानी अहवालात इतकं सरळ वाक्य एक नाही. कौतुक वाटायच्या ऐवजी रागच आला.

आता शिव्या. श्याम सर, आमचे विभागप्रमुख. उजेड आणि आवाज यातला फरक त्यांना दिवाळीपुरता कळतो. म्हणाले, "रागिणी, डॉक्टरला चित्र नको, रंग पाहिजे. हिरवा, पिवळा, लाल. चौकातल्या सिग्नलसारखं." माझ्या चित्रात खोली आहे; कोणता आवाज वरच्या कातडीतून आला, कोणता खालून, ते दिसतं. सर म्हणे ते काढा, सगळं एकत्र करून एकच रंग द्या. अर्धा तास भांडले. मग गुमान बसून पडद्यावरून काढून टाकलं; मूळ चित्रं संगणकात साठत राहतील तेवढीच. अकोल्याच्या चाचण्या शनिवारी सुरू व्हायच्या होत्या, आणि मला त्या सरांपेक्षा जास्त हव्या होत्या.

१२ एप्रिल, शनिवार. अकोला

डॉ. तौहीद यांचा दवाखाना जुन्या शहरात आहे. साखरेच्या रुग्णांचे पाय पाहतात. ज्यांच्या पायात रक्त कमी पोचतं ते आधी ओळखायचे, म्हणजे बोट काळं पडायच्या आत उपाय होतो. त्यासाठीच तर ही पेटी. माणूस चांगला आहे, तिशीतला, फक्त प्रत्येक वाक्याआधी घड्याळ बघतो. चंदा नावाची सिस्टर पाय धुऊन, पुसून रुग्णाला माझ्यासमोर बसवते. मी जेल लावते, पेटी टेकवते, रंग येतो. संपलं.

चौथ्या नंबरला कोण यावं? हुसेनचाचा! आम्ही अकोल्यात राहत होतो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी यांचं शिलाईचं दुकान. पहिली ते दहावी माझा गणवेश यांनी शिवला, आणि दरवर्षी बाहीत दोन बोटं कापड जास्त दाबून ठेवलं, "पोट्टी वाढते" म्हणून. मला पाहिल्यावर उभेच राहिले. "अरे, हे तर आपली रागिणी! डाक्टर झाली का बेटा?"

"डाक्टर नाई चाचा, मशीनवाली."

"मंग तर आपल्या बिरादरीची निघाली. मी बी मशीनवाला."

सोबत नईमाचाची होत्या. ईदला बारा दिवस होऊन गेले तरी त्यांची बोटं अजून लालभडक. चाचांना या उन्हात मोजे! काढायलाच तयार नव्हते, चाचींनी डोळे वटारले तेव्हा काढले. उजव्या पायाची आग होते, पिंडरी भरून येते, पायडल मारताना दहा मिनिटांत थांबावं लागतं म्हणाले. तळवे तांबूस तपकिरी. नव्या चपलेचा रंग लागला असावा. चंदानं स्पिरिटनं पुसलं तरी गेला नाही.

पेटी टेकवली. हिरवा! नुसता हिरवा नाही, आतापर्यंतचा सगळ्यात गडद. कॉलेजच्या पोरांपेक्षा चांगला आकडा. चाचांनी मला पडदा दाखवायला लावला आणि चाचींना म्हणाले, "पाह्य, जवान पाय हाये."

तौहीदनं त्यांना नागपूरला पायाच्या मोठ्या धमन्यांची तपासणी करायची चिठ्ठी दिली होती. दारात चाचांनी मला हळूच विचारलं, "बेटा, एवढ्या लांब जाऊ का नको? तू सांग." आता रुग्णाच्या संमतीपत्रावर मीच छापून घेतलंय, की या चाचणीवरून उपचार ठरवायचे नाहीत. पण समोर चाचा होते. मी म्हटलं, "या उन्हात काहून जाता? हिरवा हाये नं पाय. उन्हाळा गेला की पाहू." किती खूश झाले! माझ्या डोक्यावर हात ठेवला. परतताना मूर्तिजापूरला उतरून चहा प्यायले तेव्हा वाटलं, चार वर्षं वसूल झाली.

१९ एप्रिल, शनिवार. अमरावती

पारा चव्वेचाळीसवर, लाइट गेलेली. माझ्या तळपायांची नुसती लाही. आईनं पाट्यावर मेंदी वाटून आणली, "लाव तळव्याले, ठंडक पडते." मी म्हटलं, मी काय नवरी आहे का? ती म्हणाली, "नवरी होऊन कोणती ठंडक पडली असती तुले," आणि स्वतःच्या पायांना थापून बसली. आमच्या घरात लग्नाचा विषय कशातूनही निघतो. आज अकोल्याला जाणं झालं नाही.

२६ एप्रिल, शनिवार. अकोला

आज सतरा पाय. एकूण अठ्ठावीस माणसं झाली. एक गंमत लक्षात आली आहे: बायकांचे पाय पुरुषांपेक्षा फार हिरवे. बार्शीटाकळीहून आलेल्या एका म्हातारीचा आकडा तर चाचांच्याही वर. साखर वीस वर्षांची, चालताना धाप, आणि पाय म्हणे सोळा वर्षांच्या पोरीचा. श्याम सरांना फोनवर सांगितलं तर उडालेच. "यावर स्वतंत्र निबंध होतो. वऱ्हाडी स्त्रियांच्या पायातला रक्तपुरवठा." मीही गाडीत बसून शीर्षकं जुळवली. कष्टाची सवय, अनवाणी चालणं, काय काय कारणं सुचली मला!

चंदा म्हणाली, "मॅडम, तुमी पायाकडे पाहतच नाई, टीव्हीकडेच पाह्यता." मी म्हटलं, टीव्हीसाठीच पगार मिळतो बाई.

३ मे, शनिवार. अकोला

चाचा पुन्हा आले. नंबर नव्हता, पण म्हणाले, मशीनची भेट घ्यायला आलो. खरं म्हणजे पाय रात्री झोपू देत नाही, खाटेखाली लोंबकळता ठेवला की बरं वाटतं. चाचींनी रोजचे उपाय चालूच ठेवलेत म्हणे, "मी माझ्याकून काही कमी नाई केलं." पुन्हा तपासलं. मागच्या वेळेपेक्षाही हिरवा. अंगठ्याच्या टोकाला हरभऱ्याएवढा काळा ठिपका होता. मी विचारलं, हे काय? चाचा म्हणाले मशीनचं वंगण लागलं असन. मलाही तेच वाटलं. मशीनवाल्याच्या पायाला वंगण नाही लागणार तर काय अत्तर लागणार!

तौहीद आज लग्नाला गेला होता. मीच सांगितलं, नसांची आग आहे चाचा, रक्ताचं काम नाही. मला नसांतलं काय कळतं? पण चाचा मान हलवत होते, आणि कोणी अशी मान हलवत असलं की माझी जीभ थांबत नाही.

२० मे, मंगळवार. अमरावती

सकाळी तौहीदचा फोन. घड्याळ वगैरे काही नाही, सरळ. हुसेनमियांचा अंगठा आणि दोन बोटं काळी, पाऊल थंडगार, ताप. काल सरकारी दवाखान्यात नेलं. गुडघ्याखालची धमनी बंद आहे, आणि एका दिवसात बंद झालेली नाही.

"मी नागपूरची चिठ्ठी दिली होती. एप्रिलात. काहून नाई गेले विचारलं तर म्हणते, रागिणीनं नको म्हटलं. तुम्ही खरंच म्हटलं मॅडम?"

मी हो म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

पण पाय हिरवा होता! दोनदा हिरवा होता! पेटीत काय बिघडलं ते कळल्याशिवाय मी जेवणार नाही.

२२ मे, गुरुवार. अकोला

काही बिघडलेलं नाही. पेटी ठणठणीत आहे. बिघडलेली मी आहे.

सकाळपासून दवाखान्यात पेटी उघडून बसले होते. चंदा चहा घेऊन आली. मी तिलाच विचारलं, तू रोज पाय धुतेस, हुसेनचाचांच्या पायात तुला काही दिसलं होतं का?

"काई नाई. मेंदी होती, बाकी काई नाई."

"कोणती मेंदी?"

चंदा माझ्याकडे अशी पाहत राहिली जशी मी विचारलं, कोणतं आभाळ. "तळपायाची. आग होते म्हणून लावते नं सगळ्या बाया. साखरेवाले तर सगळेच. हुसेनमियाले त्यायची बायको थापते रोज, म्हणून तर मोजे घालते बिचारा. लोक हासते. काहून, मशीनले मेंदी चालत नाई का?"

मी चहा बाजूला ठेवला. ती म्हणाली, "मले कोणी सांगतलं असतं तर मी पैलेच सांगतलं असतं."

तिच्याकडूनच मेंदी मागवली. माझ्या डाव्या तळव्याच्या अर्ध्या भागाला लावली, अर्धा कोरा. तीन तास खुर्चीत बसून राहिले. मग धुऊन पेटी टेकवली. कोरा भाग: साधा हिरवा. मेंदीचा भाग: गडद, भडक, चाचांच्या पायासारखा. मेंदीचा लालसर रंगही हिरवा उजेड पितो. पितो, तापतो, ओ देतो. पेटीनं विचारलं, कोण आहे? मेंदी म्हणाली, मी आहे. पेटीला वाटलं रक्त.

मग जे आठ एप्रिलला पडद्यावरून काढून टाकलं होतं ते संगणकातून उघडलं. चाचांच्या पायाचं मूळ चित्र, खोलीसकट. सगळा आवाज वरच्या जाड कातडीतला, एक पातळ पापुद्रा. त्याच्या खाली, जिथं रक्त असायला हवं, तिथं काळं कुट्ट. काहीच नाही. बारा एप्रिललाच काही नव्हतं. हे चित्र सव्वा महिना माझ्या संगणकात पडून होतं, आणि मी वऱ्हाडी स्त्रियांवर निबंधाची शीर्षकं जुळवत होते.

पुण्याच्या कोणा बाईनं ही चूक केली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. माझी आई माझ्यासमोर पायाला मेंदी थापून बसली होती! मी तिला टोमणा मारला आणि हातपंखा शोधत बसले.

२४ मे, शनिवार. अकोला

आज सकाळी चाचांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. बाहेर बाकावर नईमाचाची होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बेटा तू आली, बरं झालं. यायनं तुयंच नाव घेतलं आत जाताना. म्हणे रागिणीले इचार, मशीन काय म्हणते."

मी पाणी आणून दिलं. त्यांची बोटं अजून लाल होती.

२७ मे, मंगळवार. अमरावती

श्याम सरांना सगळं सांगितलं, मूळ चित्रांसकट. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मेंदीवाले किती?"

"चव्वेचाळीसपैकी चौदा. सगळे हिरवे दाखवले आहेत. पैकी पाच आतून रिकामे."

"मग सोपं आहे. पायावर रंग असलेले रुग्ण अभ्यासातून वगळले, असं एक वाक्य टाका. खोटंही नाही. तीस उरतात, तिसांत यंत्र उत्तम चाललंय."

मी म्हटलं, सर, एक पाय कापला. ते म्हणाले, "साखरेनं कापला, रागिणी. तुझ्या पेटीनं नाही. संमतीपत्रावर सही आहे ना?"

सही आहे. चाचांची, मराठीत, वळणदार. मी आवाज चढवला, टेबलावरचा पेपरवेट खाली पडला. सर शांत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला खालचं काय दिसणार! शेवटी मी म्हटलं, चौदांनाही मी फोन करणार आणि अहवालात सगळं लिहिणार. ते म्हणाले, कर, पण कॉलेजच्या फोनवरून नाही.

३१ मे, शनिवार. अकोला

तौहीद आणि मी मिळून चौदाही लोकांना गाठलं. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो; योग्यच आहे. रिकाम्या पाचांतले एक चाचा. उरलेल्या चौघांना नागपूरला पाठवलं, त्यात बार्शीटाकळीची म्हातारीही. तिची धमनी उघडता येईल म्हणतात. हे लिहिताना बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची चीड आली.

८ जून, रविवार. अकोला

काल बकरीद झाली. आज चाचांना घरी भेटले. खाटेवर बसले होते, लुंगीखाली उजवीकडे सपाट. शिलाई मशीन कोपऱ्यात, वर चादर. शेजारचे दोघंतिघं, चाचांची बहीण, सगळे बसलेले. बसमध्ये दीड तास शब्द जुळवत आले होते. सोपं बोलायचं, कळेल असं बोलायचं, ठरवलं होतं.

मी म्हणाले, "चाचा, मशीनचं सांगायचं होतं. ते रक्त ओळखते ते रंगावरून. तुमच्या तळपायाले मेंदी होती. मशीन मेंदीनं फसली. मेंदीले रक्त समजली. म्हणून हिरवा आला, अन् म्हणून मी तुमाले नागपूरले जाऊ दिलं नाई. माफी मागायले आली."

चाचा भिंतीकडे पाहत होते. मग म्हणाले, "मेंदीनं." एवढंच. बहिणीनं चाचींकडे पाहिलं. चाची आत गेल्या. मी निघाले तेव्हा वाटलं, सांगून टाकलं, छातीवरचा दगड उतरला.

१५ जून, रविवार. अमरावती

चंदाचा फोन. एरवी ती काम नसताना करत नाही.

"मॅडम, तुमी काय सांगून आल्या तिथं? सारा मोहल्ला म्हणून राहिला, नईमाच्या मेंदीनं नवऱ्याचा पाय गेला. हुसेनमिया तिच्याशी बोलत नाई. नणंद म्हणते, मशीनवालीनं सोता येऊन सांगतलं. आज दवाखान्यात आली होती, हात फुटले तिचे. रंग जावा म्हणून सोड्यानं घासून राहिली."

माझंच वाक्य परत परत म्हणून पाहिलं. मशीन मेंदीनं फसली. अख्ख्या वाक्यात कर्ता कोण? मेंदी. आणि मेंदी कोणी लावली? इतकं सोपं करून सांगितलं की त्यात मी उरलेच नाही. शिकलेल्या माणसाची माफी बहुधा अशीच असते, सगळं समजावून सांगायचं आणि स्वतः बाजूच्या दारानं निघून जायचं.

बाई तिकडे चाळीस वर्षांच्या संसारात गुन्हेगार झाली. मी जाते. शनिवारी जाते, आणि या वेळी शब्द जुळवत नाही.

२१ जून, शनिवार. अकोला

गेले होते.

चाचांची बहीण होती, शेजारीही होते, बरंच झालं. मी खाली चटईवर बसले आणि जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "चाचा, मी त्या दिवशी चुकीचं सांगतलं. चाचीची मेंदी बरोबरच होती. साऱ्या वऱ्हाडात लावते, माही माय लावते. मेंदीनं काहीच नाई केलं. खालचं रक्त दाखवणारं चित्र माह्याकडे होतं, ते मी फेकून दिलं. साहेबाले रंग पाहिजे होता म्हणून. पाय समोर होता, मी वाकून पाह्यला नाई. डॉक्टरनं नागपूरले जा म्हटलं होतं, मी नको म्हटलं. मी. तुमचा पाय माह्यामुळे गेला. चाचीमुळे नाई."

बोलता बोलता रडू फुटलं. मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडायला हवे होते. एखादी वस्तू फेकून मारली असती तरी मी बसून राहिले असते.

चाचांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. डोळे भरले होते त्यांचे. बहिणीकडे पाहून म्हणाले, "पाह्यलं? याले म्हणते शिक्षण. दुसऱ्याचा गुन्हा सोतावर घेऊन राहिली पोरगी. नईमाले वाचवाले."

"नाई चाचा, खरं सांगून राहिली मी, कसम—"

"कसम नको घेऊ बेटा. मी वळखत नाई का तुले? लहानपणापासून पाह्यलं. इंजिनेर हायेस तू. तुया हातून अशी चूक होतच नाई." मग आवाज बदलला. आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "ज्यायच्या हातून होते ते तर कबूल बी नाई करत."

मी अजून तीनदा सांगितलं. कागद काढून चित्र दाखवलं. शेजारी कौतुकानं माझ्याकडे पाहत होते. जितकं सांगावं तितकी मी मोठी होत गेले.

चाची दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्या खोलीत एकट्या त्यांनाच मी खरं बोलतेय हे कळलं होतं. चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं. आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. कपबशी धरलेल्या बोटांची कातडी सोलून निघाली होती, पांढरी पडली होती. चाचा म्हणाले, "पी बेटा, लांबून आली तू."

मी तो चहा प्यायले.